अद्भुताचे व्याकरण आणि उत्तरकर्ता

परभणी जिल्ह्यातील सोनपेठ, गंगाखेड या गोदाकाठच्या टापूत चातुर्मासात पोथी लावण्याची चाल जुनी आहे. एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि मंडळींनी ऐकावे, असा तिचा क्रम. अशा बैठकीत भावार्थरामायण लागले, म्हणजे २९७ अध्यायांचा तो ग्रंथ दीर्घकाळ चालतो. युद्धकांडाचा ४४ वा अध्याय संपून ४५ वा सुरू होतो, तेव्हा वाचणाऱ्याचा स्वर बदलत नाही आणि ऐकणाऱ्यालाही काही वेगळे जाणवत नाही. परंतु परंपरेप्रमाणे या ठिकाणी ग्रंथाचा कर्ता बदललेला असतो. सोनपेठच्या वरच्या अंगाला, त्याच नदीच्या काठी, पैठण येथे १५९९ मध्ये एकनाथांनी देह ठेवला. त्यांचा अपुरा राहिलेला ग्रंथ त्यांचे शिष्य गावबा यांनी गुरूचीच नाममुद्रा चालवून पुरा केला.

कर्ता बदलल्यावर भाषा, छंद आणि भक्तिभाव यांची जुळणी कशी होते, हा प्रश्न परिचयाचा आहे. त्याहून कमी चर्चिला गेलेला प्रश्न अद्भुताचा आहे. वर, शाप, माया, सिद्धी, अस्त्रे यांनी भरलेल्या कथेत अशक्य ते शक्य होते, हे खरे. तथापि तेथे वाटेल ते शक्य होत नाही. कोणाला काय साधते, कोणत्या अटीवर साधते आणि त्याचा उतारा कोणता, याची एक व्यवस्था असते. ती पहिल्या कर्त्याने क्वचितच सूत्ररूपाने सांगितलेली असते. बहुधा ती प्रसंगाप्रसंगांतून सूचित झालेली असते. उत्तरकर्त्याला ती मूल भाषा शिकते त्याच रीतीने शिकावी लागते. मूल मोजकी वाक्ये ऐकते आणि त्यांवरून पूर्वी कधी न ऐकलेली वाक्ये बनविते. ती वाक्ये नवी असूनही घरच्यांना परकी वाटत नाहीत, कारण शब्द नवे असले तरी त्यांना जोडणारे नियम ओळखीचे असतात. अद्भुत कथेतही नवा राक्षस, नवे अस्त्र, नवे नगर ही शब्दसंग्रहातील भर होय. नियम बदलला, तर मात्र ती दुसरीच भाषा होते.

उत्तरकर्त्याच्या कर्तव्याचा विचार करण्यास आपल्या व्याकरणपरंपरेतच एक उत्तम साधन उपलब्ध आहे. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने वार्तिके लिहिली. वार्तिकाचे लक्षण सांगताना उक्त, अनुक्त आणि दुरुक्त अशा तिहींचा विचार सांगितला जातो: जे सांगितले आहे ते, जे सांगावयाचे राहिले ते आणि जे नीट सांगितले गेले नाही ते. अद्भुत कथा पुढे नेणाऱ्याची कामेही नेमकी हीच तीन आहेत.

प्रथम उक्ताचा विचार. रावणाला मिळालेला वर सर्वश्रुत आहे. देव, गंधर्व, यक्ष, राक्षस यांच्या हातून मरण नको, असे त्याने मागितले. मनुष्याला तो क्षुद्र समजला आणि त्याचे नाव घेण्याचे त्याने टाळले. रामावताराची सारी योजना या एका वगळलेल्या शब्दावर उभी आहे. भावार्थरामायणात या वराचे बीज बालकांडात, म्हणजे एकनाथांच्या भागात पडते. रावणाचा वध मात्र युद्धकांडाच्या उत्तरार्धात, गावबांच्या भागात होतो. एकाने घातलेली अट दुसऱ्याने फेडावयाची, असा हा प्रसंग आहे. रावणाचा प्राण एखाद्या देवाच्या अस्त्राने परस्पर घेणे उत्तरकर्त्याला अवघड नव्हते. पण तसे झाले असते तर राम मनुष्यरूपाने वनवास, विरह आणि युद्ध का भोगतो, या प्रश्नाचे उत्तरच हरवले असते. उत्तरकर्त्याने नियम मोडला, तर त्याची झळ त्याच्या स्वतःच्या अध्यायांपेक्षा पूर्वकर्त्याच्या अध्यायांना अधिक बसते, ती अशी. तेथे पात्रांनी सोसलेले सारे एकाएकी अनावश्यक ठरते.

दुसरे काम अनुक्ताचे. अहिरावण-महिरावणाचे आख्यान वाल्मीकिरामायणात नाही. ते मागाहून रूढ झाले आणि भावार्थरामायणातही युद्धकांडाच्या उत्तरार्धात त्याला स्थान मिळाले. येथे अडचण उघड आहे. हनुमंताचे सामर्थ्य श्रोत्यांना ठाऊक आहे. तो पहारा करीत असता राम-लक्ष्मणांना कोणी पळवून नेईल, हे कसे मानावयाचे? प्रचलित कथेने हनुमंताचे बळ तिळभरही कमी केलेले नाही. त्याने शेपटाचा कोट उभारला होता. राक्षस आले ते भूमीखालून, पाताळातील विवराने. कोट अभेद्यच राहिला, फक्त तो ज्या दिशेला नव्हता त्या दिशेने संकट आले. पाताळाच्या द्वारी भेटणाऱ्या मकरध्वजाचीही तीच गोष्ट. तो हनुमंताचा पुत्र. पण हनुमंत तर ब्रह्मचारी. तेव्हा कथा सांगते, की हनुमंताच्या घामाचा थेंब एका मगरीने गिळला आणि त्यापासून हा पुत्र झाला. हे स्पष्टीकरण कोणाला भाबडे वाटेल. परंतु ते देण्याची गरज भासली, यातच सारे आले. श्रोत्यांनी घामाच्या थेंबापासून झालेला जन्म स्वीकारला; हनुमंताच्या व्रताचा भंग त्यांनी स्वीकारला नसता. अपवाद हा नियमाचे क्षेत्र आखून देतो, त्याला नाहीसे करीत नाही, हे वैयाकरणांचे तत्त्व पोथीच्या बैठकीत अशा प्रकारे पाळले गेले आहे.

तिसरे काम दुरुक्ताचे आणि तेच सर्वांत कठीण. त्याचा उत्कृष्ट नमुना वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात सापडतो. हे कांड मागाहून जोडले गेले असावे, असे अनेक विद्वानांचे मत आहे. त्यात राम अगस्त्यांना विचारतो: हनुमंत इतका बलवान होता, तर सुग्रीवावर वालीचे संकट आले असता त्याने वालीला का मारले नाही? हा प्रश्न रामाच्या मुखी असला, तरी तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रोत्यांचा आहे. अगस्त्य उत्तर देतात, की बाळपणी हनुमंताने आश्रमांत उपद्रव दिल्यामुळे ऋषींनी त्याला शाप दिला. कोणी आठवण करून दिल्याखेरीज त्याला स्वतःचे बळ कळू नये, असा तो शाप होता. किष्किंधाकांडात समुद्रतीरी जांबवान त्याला त्याच्या बळाची जाणीव करून देतो. तो प्रसंग तेथे केवळ उत्तेजनाचा वाटतो. उत्तरकांडाने त्याला नियमाचे स्वरूप दिले. मागील एक अक्षरही न बदलता मागील विसंगती मिटविली गेली. व्याकरणाच्या तीन मुनींत उत्तरोत्तर मुनीचे प्रामाण्य अधिक मानतात. ते प्रामाण्य अशाच कामाने मिळते: नंतरच्याने आधीच्याला खोटे न पाडता अधिक खरे करून दाखविले पाहिजे.

हा प्रश्न एका ग्रंथापुरता किंवा एका काळापुरता नाही. मराठीत ज्या शब्दाने आपण या वाङ्मयप्रकाराला ओळखतो, ती बाणभट्टाची ‘कादंबरी’ सातव्या शतकात अपुरी राहिली आणि बाणाच्या पुत्राने ती पूर्ण केली. आरंभी शूद्रक राजाच्या सभेत आणलेला बोलका पोपट बाणाने निर्मिला; तो पोपट कोणत्या शापाने पोपट झाला, याचा उलगडा पुत्राच्या भागात होतो. हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या कथांतील तिलिस्म ज्याच्या नावे बांधलेला असेल त्यानेच तो फोडावयाचा, असा दंडक आहे. १९१३ मध्ये ते निवर्तल्यावर अपुरी ‘भूतनाथ’ त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुढे चालविली. इंग्रजीत रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले आणि त्यांच्या ‘व्हील ऑफ टाइम’ या कथामालेचे शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी २००९ ते २०१३ या काळात पूर्ण केले. त्यांच्यापुढे जॉर्डन यांची टिपणे होती. जादूच्या सामर्थ्यापेक्षा तिच्या मर्यादा अधिक महत्त्वाच्या, असे सँडरसन यांनी आपल्या लेखनविचारात मांडले आहे. वर मागताना रावणाने गाळलेल्या शब्दाचे मर्मही तेच आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्या घालू नयेत, अशी कडक ताकीद दिली. मग त्यांच्याच ग्रंथात शिष्याने १२३ अध्यायांची भर घालावी, हे कसे? उत्तर असे, की पूर्ण ग्रंथात घुसविलेली ओवी आणि अपुऱ्या ग्रंथाला दिलेली पूर्तता या भिन्न गोष्टी आहेत. प्रक्षेपकार पूर्वकर्त्याच्या नावावर आपली इच्छा खपवितो. उत्तरकर्ता पूर्वकर्त्याने पत्करलेले ऋण आपल्या माथी घेतो. एकनाथांचा विरोध पहिल्याला होता. नाममुद्रा गुरूची ठेवणे हा दुसऱ्या प्रकरणी केवळ विनय नव्हे. गुरूच्या नियमांनी बांधले गेल्याची ती कबुली होय.

पदव्युत्तर अभ्यासकांना यातून एक निश्चित कार्य हाती घेता येईल. भावार्थरामायणातील प्रत्येक वर, शाप व अस्त्र यांची अट प्रथम कोठे येते आणि ती कोठे फेडली जाते, याची कोष्टके ४४ व्या अध्यायाच्या अलीकडे व पलीकडे अशी स्वतंत्र मांडावीत. शब्दयोजना आणि वाक्यरचना यांवरून कर्तृत्वाचा निर्णय करण्याची पद्धत रूढ आहेच. तिला या अद्भुताच्या व्याकरणाची जोड मिळाली तर दोन हातांतील साम्य आणि भेद अधिक नेमके कळतील. त्यासाठी पोथीच्या श्रोत्यांनाही साक्षीला घ्यावे. भाषा चुकली की ती बोलणाऱ्या समाजाच्या कानाला खटकते, मग त्याने व्याकरण वाचलेले असो वा नसो. हनुमंत वालीला का भिडला नाही, असे जो श्रोता विचारतो, तो कथेवर अविश्वास दाखवीत नसतो. कथेचे नियम त्याने मनापासून मानलेले असतात, म्हणूनच तो विचारतो; आणि उत्तरकर्त्याला उत्तर द्यावयाचे असते ते त्यालाच.