डर्ट बाइक: कोलकात्याच्या पालकांपुढील प्रश्न

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने डर्ट बाइकचा हट्ट धरला, की घरातील चर्चा बहुधा किमतीपाशी सुरू होते. कोलकात्यात मात्र त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. ही गाडी चालवायची कुठे आणि पावसाळ्यात ती टिकवायची कशी?

केवळ मातीसाठी बनवलेल्या डर्ट बाइकला आरसे, दिशादर्शक दिवे वा नंबरप्लेट नसते. तिची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक जागी मोटरसायकल चालवण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. २०१९ मध्ये या कायद्यात कलम १९९ अ आले. विनापरवाना अल्पवयीन चालकाकडून गुन्हा घडल्यास पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. सबब, न्यू टाउनचे रुंद रस्ते पहाटे कितीही मोकळे दिसले, तरी ते सरावाची जागा नव्हेत. मैदानही नव्हे, ते लष्कराच्या अखत्यारीत आहे.

राहते ती कुंपण घातलेली खासगी जमीन, मालकाच्या परवानगीने, किंवा प्रशिक्षकाच्या देखरेखीखालील ट्रॅक. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. त्यानंतर या खेळाचे आकर्षण वाढले असले, तरी जागेची अडचण सुटलेली नाही. जागा निश्चित झाल्याखेरीज गाडी घेऊ नये, हे उत्तम.

निवडीत सर्वाधिक चूक होते ती मापाची. वाढत्या अंगाचे कपडे शिवावेत तशी पालक वाढत्या अंगाची गाडी घेतात. शाळेच्या गणवेशाला हा हिशेब चालतो, मोटरसायकलला चालत नाही. बूट घालून बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत, आणि आडवी पडलेली गाडी मुलाला एकट्याने उचलता आली पाहिजे. ही दुसरी कसोटी दुकानातच घ्यावी. कावासाकीच्या केएलएक्स ११० चे वजन सुमारे ७६ किलो, तर आसनाची उंची ६८० मिलिमीटर आहे; नवशिक्या, ठेंगण्या मुलास ती पुरते. हीरोची एक्सपल्स २०० दीडशे किलोंहून जड आहे. ती रस्त्यासाठी नोंदणीयोग्य आहे, पण प्रौढांसाठी.

शिकण्यासाठी फोर-स्ट्रोक इंजिन बरे. त्याची ताकद सावकाश वाढते. टू-स्ट्रोक हलके असते, परंतु एकाएकी झेपावते. शिवाय पेट्रोलमध्ये तेल मिसळण्याचे प्रमाण नेमके पाळावे लागते. ३२ ला १ असे प्रमाण असेल, तर एका लिटरला सुमारे ३१ मिलिलिटर तेल.

जुनी गाडी घेताना रंगावर जाऊ नये. सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या मल्लिक बाजारात रंग व प्लास्टिक नवे करून मिळते, बेअरिंग झिजले असल्यास ते झाकत नाही. चाक उचलून दोन्ही हातांनी हलवून पाहावे. खडखड जाणवली, तर किंमत कमी करून घ्यावी किंवा परत फिरावे. एअर फिल्टरच्या पेटीचे झाकण अवश्य उघडावे; फिल्टरच्या आतील बाजूस माती दिसली, तर ती इंजिनातही गेली आहे असे समजावे.

देखभालीचा खरा भार पडतो तो जून ते ऑक्टोबरमध्ये. बंगालीत 'एँटेल माटी' म्हणतात ती गंगेच्या खोऱ्यातील चिकणमाती चाकांना, चेनला व रेडिएटरला लिंपल्यासारखी बसते. रेडिएटरच्या जाळीत ती वाळली की हवा अडते व इंजिन तापते. म्हणून चिखल ओला असतानाच धुवावा. सायलेन्सरचे तोंड बंद करावे आणि पाण्याचा जोरदार झोत चाकाच्या मध्यावर कधीही मारू नये, कारण तो ग्रीस बाहेर ढकलून पाणी आत नेतो.

फोमचा एअर फिल्टर प्रत्येक फेरीनंतर स्वच्छ करावा. पेट्रोलने धुतल्यास त्याचे जोड सुटतात. साबणाचे कोमट पाणी चांगले. पण श्रावणातल्या दमट हवेत फोम दोन-दोन दिवस वाळत नाही. तेव्हा दुसरा फिल्टर, तेल लावून, हाताशी ठेवणे शहाणपणाचे. हा खर्च किरकोळ आहे, सिलिंडर बदलण्याचा नाही.

दमटपणाचा आणखी एक फटका पेट्रोलला बसतो. पंपांवर आता बहुतांशी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. दुर्गापूजेच्या सुट्टीत गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकावे. चेन कोरडी करून तेल द्यावे आणि प्रत्येक स्पोक बोटांनी दाबून ढिला आहे का ते तपासावे. हे काम मुलाकडेच सोपवावे. पंधरा मिनिटे पुरतात.