घरगुती हिरवळीची जोपासना : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

घरासमोरील हिरवळ ही शोभेची बाब मानली जाते. तथापि सातारा व सांगली जिल्ह्यांत तिचा प्रश्न मुख्यतः जमीन आणि पाणी यांचा आहे. महाबळेश्वर येथे वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण आणि सांगलीतील जत, आटपाडी हे तालुके मात्र अवर्षणप्रवण आहेत. त्यामुळे एकच पद्धत सर्वत्र लागू पडत नाही.

शेतकरी जिला तण म्हणून उपटतो, ती हरळी अर्थात दूर्वा येथील उन्हाळ्यास अनुकूल आहे. पाण्याअभावी ती पिवळी पडली, तरी तिची जमिनीतील खोडे जिवंत राहतात व ओल मिळताच पुन्हा फुटतात. दाट सावलीत मात्र ती विरळ होते.

रोज थोडे पाणी दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. म्हणून काही दिवसांच्या अंतराने, पण खोलवर भिजेल असे पाणी द्यावे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत अतिरिक्त पाणी व अपुरा निचरा यांमुळे क्षार पृष्ठभागावर येतात. उसाच्या शेतीत अनुभवास आलेला हा दोष अंगणातही संभवतो. तेव्हा लागवडीपूर्वी उतार व निचरा साधावा. कापणीच्या वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये.

100 चौरस मीटर हिरवळीस एकदा 25 मिलिमीटर पाणी देण्यास 2500 लिटर पाणी लागते. टँकरवर विसंबणाऱ्या गावात हा हिशेब आधी करावा आणि हिरवळीचे क्षेत्र उपलब्ध पाण्यावरूनच ठरवावे, हे उचित होय.