पांढऱ्या डागातील काळी रेघ

मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या निदानाचे सुधारित निकष 2025 च्या ऑक्टोबरात ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’च्या अंकात प्रसिद्ध झाल्यापासून, आता पहिल्याच झटक्यात, क्वचित एकही झटका येण्यापूर्वी, या व्याधीचे नाव सांगता येईल, अशा आशयाचे मथळे वाचकांच्या नजरेखालून गेले असतीलच. मथळे खोटे नाहीत. परंतु या निकषांत जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते तिला मथळ्यांत फारसे स्थान मिळाले नाही. ती गोष्ट म्हणजे, मेंदूच्या एमआरआयवर उमटणाऱ्या पांढऱ्या डागाच्या मधोमध जाणारी, केसाइतकी बारीक काळी रेघ.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को याने 1868 मध्ये या व्याधीचे सांगोपांग वर्णन केले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ वैद्यकाची स्थिती अशी होती, की ज्या डागांवरून या व्याधीला नाव मिळाले ते डाग रुग्ण जिवंत असेपर्यंत सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नसत. डोळ्यापुढे येणारी अंधारी, पायांतील मुंग्या, चालण्यातील तोल, यांवरून आणि दोन झटक्यांमधील अंतरावरून तर्क बांधायचा आणि त्या तर्काचा पडताळा शवविच्छेदनात घ्यायचा, हाच शिरस्ता होता. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील इयन यंग, ग्रॅम बायडर व त्यांचे सहकारी यांनी 1981 च्या नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये दहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली, आणि तो शिरस्ता मोडला. सी.टी. स्कॅनवर त्या रुग्णांच्या मेंदूत एकूण 19 डाग दिसले होते; नव्या चुंबकीय यंत्रावर ते तर दिसलेच, शिवाय आणखी 112 दिसले. त्या यंत्राचे चुंबक अवघे 0.15 टेस्लाचे, म्हणजे आज आपल्याकडच्या सर्वसाधारण तपासणी केंद्रात असणाऱ्या चुंबकाच्या एक दशांश शक्तीचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या 112 डागांचे मोल कळते.

ज्या जागी मज्जातंतूंवरील मायेलिनचे आवरण नष्ट झालेले असते तेथील पाणी अधिक आणि अधिक मोकळे असते. त्या पाण्यातील हायड्रोजनचा संदेश विरायला वेळ लागतो, आणि म्हणून ती जागा चित्रात पांढरी उमटते. पुढे 1992 मध्ये हॅमरस्मिथच्याच मंडळींनी मेंदूच्या पोकळ्यांतील द्रवाची चकाकी दाबून टाकणारी ‘फ्लेअर’ ही पद्धत दिली, तेव्हा पोकळ्यांच्या काठाशी दडलेले डागही उघडे पडले. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिले असता ताजे डाग काही आठवडे अधिक उजळतात, यावरून नवे कोणते आणि जुने कोणते हेही ओळखता येऊ लागले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या आणि लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथे कीर्ती मिळवलेल्या इयन मॅक्डॉनल्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2001 मध्ये एमआरआयला निदानाच्या निकषांत मानाचे स्थान दिले, आणि तेव्हापासून दर सुधारणेगणिक ते स्थान वाढतच गेले आहे.

परंतु सुबत्तेबरोबर संकटही आले. पांढरा डाग वयोमानाने पडतो, रक्तदाबाने पडतो, अर्धशिशीच्या रुग्णाच्या मेंदूतही आढळतो. आपल्या देशात तर क्षयाच्या गाठी आणि फीतकृमीच्या अळ्यांनी मेंदूत केलेली घरे, यांचीही भर त्यात पडते. अहवालात ‘डिमायलिनेशनची शक्यता’ एवढे दोन शब्द आले, की पंचविशी-तिशीतल्या मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या झोपेची वाताहत होते. ते शब्द लिहिणाऱ्या डॉक्टरने केवळ एक शक्यता नोंदवलेली असते, हे त्या रात्री कोणाला पटत नाही. लॉस एंजेलिस येथील दोन नामांकित केंद्रांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हेच निदान घेऊन आलेल्या 241 रुग्णांपैकी 43 जणांना ही व्याधी मुळी नव्हतीच असे निष्पन्न झाले, आणि त्यांतील बहुतेकांना तिची औषधे सुरूही झालेली होती. ही औषधे रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणारी आहेत. क्षयरोग घरोघरी दबा धरून बसलेल्या देशात ती चुकीच्या माणसाला देणे हा किरकोळ प्रमाद मानता येणार नाही.

म्हणूनच मला त्या काळ्या रेघेचे अप्रूप वाटते. एडिंबरोचा विकृतिशास्त्रज्ञ जेम्स डॉसन याने 1916 मध्ये तेथील रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत एक प्रदीर्घ प्रबंध प्रसिद्ध केला. मृत रुग्णांच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली चिकाटीने तपासताना त्याने नोंदवले होते, की हे डाग वाटेल तिथे पडत नाहीत. ते लहान शिरांच्या भोवती धरतात आणि शिरांच्याच वाटेने वाढतात. मेंदूचे बाजूने घेतलेले चित्र आजही पाहिले, तर मेंदूतील पोकळीच्या छतावर काटकोनात उभे राहिलेले, ओळीने मांडलेले लांबट डाग दिसतात. त्यांना ‘डॉसनची बोटे’ म्हणतात. मात्र डागाच्या आतली शीर प्रत्यक्ष पाहायची, तर ती जिवंत माणसात दिसणार कशी?

उत्तर रक्तातच होते. ऊतींना प्राणवायू देऊन परतणाऱ्या रक्तातील लोहयुक्त हिमोग्लोबिन किंचित चुंबकीय होते, आपल्या आसपासचे चुंबकीय क्षेत्र ते विस्कटून टाकते, आणि त्यामुळे तेथला संदेश विझतो. अशा रीतीने यंत्राच्या दृष्टीने शीर काळी ठरते, आणि पांढऱ्या डागाच्या गर्भातून गेली तर ती उठून दिसते. ज्या नॉटिंगहॅममध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी एमआरआयच्या शोधाचे नोबेलविजेते कार्य केले, त्याच नॉटिंगहॅममध्ये 7 टेस्लाच्या यंत्रावर एमा टॅलंटायर व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवून दिले, की या व्याधीच्या रुग्णांत शंभरांपैकी चाळिसाहून अधिक डागांत शीर सापडते आणि इतर कारणांनी पडलेल्या डागांत ते प्रमाण त्याखाली राहते. नव्या निकषांनी ही खूण अधिकृत केली असून, असे सहा डाग हाती आले तर ती खूण ग्राह्य धरावी, असा सुटसुटीत पर्यायही दिला आहे. पन्नाशी उलटलेल्या, अर्धशिशीच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराच्या रुग्णांत अधिक कडक पुरावा मागावा, ही तरतूदही मला तितकीच न्याय्य वाटते.

लोहाचीच आणखी एक करामत या निकषांत आली आहे. काही जुन्या डागांच्या कडेला लोह साठवलेल्या दाहक पेशींचे कडे असते, आणि तेही काळे उमटते. वरवर निवालेला असा डाग आतून वर्षानुवर्षे धुमसत असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील मार्टिना अब्सिंटा व डॅनियल राइक यांनी 2019 मध्ये दाखवले, की ज्यांच्या मेंदूत असे चार किंवा अधिक डाग असतात त्यांना अपंगत्व तुलनेने लहान वयात गाठते.

इतके असूनही डागांची संख्या आणि माणसाचे हाल यांचे गणित जुळत नाही, हे मान्य करणे भाग आहे. डागांनी भरलेला मेंदू घेऊन एखादा गृहस्थ रोज कचेरीत जातो, आणि मणक्यातील एका मोक्याच्या डागाने दुसऱ्याचे पाय जातात. मेंदूच्या बाह्य स्तरातील डाग तर नेहमीच्या तपासणीत बहुधा दिसतच नाहीत. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात या व्याधीचा नामनिर्देश आहे; परंतु आरक्षणासारख्या सवलतींच्या दाखल्यासाठी चाळीस टक्क्यांची अट आहे, आणि दुपारी हात उचलवू न देणारा थकवा त्या टक्केवारीत बसवणे कठीण असते.

एकही लक्षण नसलेल्या माणसाला, डोकेदुखीसाठी काढलेल्या चित्रावरून रोगी ठरवावे काय, याविषयी माझे मन अद्याप साशंक आहे. डॅरिन ओकुडा यांनी 2009 मध्ये अशा व्यक्तींचे वर्णन केल्यानंतरच्या निरीक्षणांत त्यांपैकी सुमारे निम्म्यांना दहा वर्षांत पहिला झटका आला. म्हणजे उरलेल्या निम्म्यांना तो आला नाही. नवे निकष अशा निदानाला ठराविक परिस्थितीतच, पाठीतल्या पाण्याच्या तपासणीसारख्या किंवा त्या काळ्या रेघेसारख्या अधिक पुराव्यानिशी, मुभा देतात. ती मर्यादा आपल्या डॉक्टरांनी काटेकोरपणे पाळावी.

शीर दाखवणारी ससेप्टिबिलिटी-वेटेड चित्रे घेण्यास सुई लागत नाही, काही मिनिटे पुरतात, आणि आपल्या शहरांतील बहुतेक 3 टेस्लाच्या यंत्रांत ती सोय असते. ती मागितली जात नाही, आणि मागितली तरी अहवालात शिरांविषयी एक ओळही येत नाही, ही उणीव क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनांनी मनावर घेतली तर दूर होईल. दरम्यान, ज्या घरात अशी शंका आली आहे त्यांचे केवळ अहवालाचा कागद जपून भागणार नाही. मूळ चित्रांची सीडी प्रत्येक वेळी मागून घ्यावी, पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात करावी, आणि दोन्ही वेळची चित्रे मज्जाविकारतज्ज्ञापुढे एकत्र ठेवावीत.