विहिरीवरील विजेचा पंप : धोका कोठे, जोखीम किती?

गेल्या उन्हाळ्यात एका गावी पीकपाहणीस गेलो असता, विहिरीवर एक शेतकरी पंपाच्या कपलिंगमध्ये गुरफटलेला दोर काढीत बसलेले दिसले. "लाईट गेलीय साहेब, मोटार बंदच आहे," ते म्हणाले. दोर काढून ते उठले आणि पाचच मिनिटांत मोटार आपोआप सुरू झाली. पेटीतील ऑटोस्विच चालूच होता. पाच मिनिटांच्या फरकाने त्यांचा हात वाचला.

असे प्रसंग नशिबावर सोडावयाचे नसतील, तर धोका आणि जोखीम यांतील भेद ओळखला पाहिजे. ज्यापासून इजा होऊ शकते, तो धोका. ती इजा होण्याचा संभव किती व झालीच तर ती किती गंभीर, या दोहोंचा मेळ म्हणजे जोखीम. पंपास लागणारी ४१५ व्होल्टची वीज हा धोका पंपाबरोबर राहणारच. जोखीम मात्र आपली मांडणी व सवयी यांवर अवलंबून असते. म्हणून ती कमी करता येते.

पाहणी मेन स्विचपासून सुरू करावी आणि फ्यूज, स्टार्टर, केबल, मोटार असे क्रमाने पाहत जावे. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारावेत : येथे काय बिघडू शकेल? ते कितपत संभवते? त्या वेळी माणूस कोठे उभा असेल?

ऑटोस्विचमुळे रात्रीच्या खेपा वाचतात. परंतु 'लाईट गेली म्हणजे मोटार बंद' हा समज तो खोटा ठरवितो. म्हणून दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करून तिन्ही फ्यूज काढावेत व काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवावेत.

फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्यात जाड तार घालणे म्हणजे राखणदारालाच झोपविणे होय. जळण्याचे कारण शोधावे.

मोटारीच्या आतील तारांचे आवरण खराब झाल्यास तिच्या अंगावर वीज उतरते. अशा वेळी ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस तिची वाट बनतो. याकरिता मोटार व स्टार्टरची पेटी यांस चांगले अर्थिंग असावे आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालीत जावे. ३० मिलिअँपियर गळतीस पुरवठा तोडणारे उपकरणही परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे. केवळ फ्यूज इतकी थोडी गळती ओळखीत नाही.

उपायांचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम स्टार्टर ओल्या काठावरून कोरड्या जागी हलवावा. मग कपलिंगवर जाळी व पेटीस झाकण बसवावे. सावधगिरीच्या सूचना शेवटी. घाईत व काळोखात माणूस सूचना विसरतो. जाळी आपले काम विसरत नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी निदान एका विहिरीवर शेतकऱ्यांसमवेत अशी पाहणी करून दाखवावी. पाहणीस अर्धा तास पुरतो. गेलेला हात मात्र परत येत नाही.