कोपरा सोडायचा नाही

बदलापूर ते सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर, अंबरनाथहून ६०, उल्हासनगरहून त्याहून थोडं कमी. एवढा प्रवास रोज दोनदा करणाऱ्याला वेळ काढण्याची कला यावीच लागते. डब्यात भजनं आणि पत्ते अजून आहेत, पण पत्त्यांना चार डोकी आणि मांडीवर ठेवायला एखादी बॅग लागते. अंबरनाथला गर्दीत चढलेल्याचा जेमतेम एक हात मोकळा असतो. त्या हाताच्या अंगठ्यावर चालणारं आणि नेट गेलं तरी न अडणारं कोडं म्हणजे ‘२०४८’. सुडोकू उत्तमच, पण ते बसलेल्यांचं काम.

मार्च २०१४ मध्ये गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन मुलानं शनिवार-रविवारात हा खेळ तयार केला. कल्पना सगळी त्याची नव्हती. आधी ‘१०२४’ होता, त्याच्याही मागे ‘थ्रीज’, ज्यावर त्याच्या कर्त्यांनी वर्षाहून जास्त काळ घालवला होता. चिरुल्लीनं आपला खेळ फुकट ठेवला, कोडही खुला केला, आणि नकलांचा पूर आला. थ्रीजवाल्यांवर अन्यायच झाला म्हणायचा. पण ‘कॅन्डी क्रश’मध्ये पाच जीव संपले की एकेका जीवासाठी अर्धा तास थांबा नाहीतर पैसे मोजा, तसली वसुली २०४८ मध्ये नाही.

पट चार बाय चारचा, म्हणजे १६ घरं. बोट सरकवाल त्या दिशेला सगळे आकडे धावतात, सारखे दोन आदळले की त्यांचा दुप्पट एक होतो. प्रत्येक खेळीनंतर रिकाम्या घरात नवा आकडा उगवतो. दहापैकी सरासरी नऊ वेळा तो २ असतो, एकदा ४.

चारी दिशांना बोट फिरवणारा २५६-५१२ च्या आसपास अडकतो. सर्वांत मोठा आकडा एका कोपऱ्यात, समजा खाली डावीकडे, बसवायचा. बदलापूरला खिडकी पकडलेला माणूस सीएसएमटीपर्यंत उठत नाही, तसा तो हलता कामा नये. (त्या खिडकीसाठी अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी आधी उलटी बदलापूरला जातात आणि त्यावरून भांडणं होतात, तो विषय वेगळा.) म्हणून खेळायचं डावीकडे आणि खाली. उजवीकडे कधी? तळची ओळ भरलेली असेल आणि तिच्यात शेजारी-शेजारी सारखे आकडे नसतील तेव्हाच, कारण मग ती जागची हलत नाही. वर मात्र अगदी नाइलाज झाला तरच, आणि लगेच खाली. तेवढ्यात कोपऱ्यात एखादा २ येऊन बसला, तर त्याला हुसकावता हुसकावता डाव हातचा जातो.

आता तळच्या ओळीत डावीकडून २५६, १२८, ६४, ३२ आहेत आणि ३२ च्या डोक्यावर १६, असं धरा. सगळी मेहनत त्या १६ चा ३२ करण्यासाठी. तो झाला की खाली ओढा, उजव्या टोकाला ६४ होतो. मग डावीकडे तीनदा: ६४ची जोडी १२८, १२८ची २५६, आणि शेवटी कोपऱ्यात ५१२. तीनदा सरकवावं लागतं, कारण नुकताच जुळलेला आकडा त्याच खेळीत पुन्हा जुळत नाही. २, २, २, २ ही ओळ सरकवून ४, ४ मिळतात, ८ नाही. तीनच २ असतील तर सरकवल्या बाजूची जोडी जुळते. वरची ओळ उलटी लावायची, मोठा आकडा उजवीकडे. नागमोडी रांग लागली की असे घरंगळणारे डाव वरचेवर मिळतात.

खेळीमागे पटावर सरासरी २.२ ची भर पडते. म्हणजे २०४८ गाठायला सव्वानऊशेच्या वर खेळ्या हव्यात, आणि सेकंदाला एक धरली तरी पंधरा-सोळा मिनिटं. बदलापूर-कल्याणला गाडी वेळेवर असली तरी त्याहून थोडा जास्तच वेळ घेते. तेव्हा घाई कसली? इथे घड्याळ नाही. पट भरत आला की अंगठा उचलायचा आणि पुढच्या दोन खेळ्या मनात खेळून बघायच्या. बहुतेक डाव घाईनं जातात, नशिबानं फार थोडे. २०४८ नंतरही खेळ चालू राहतो. १६ घरांत पोचता येणारा सर्वांत मोठा आकडा आहे १,३१,०७२.

बॅटरी संपली तर कापरेकरांची आठवण काढावी. डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ ची गंमत शोधली. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि उत्तरावर तेच करत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. २०४८ वरच करून बघा: ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. तोंडी वजाबाकीला डोकं चांगलंच लागतं.

शेवटी एक विनंती. दारात उभं राहून खेळू नका. रुळांलगत दबा धरून हातावर काठी मारणारी, मोबाइल पाडणारी ‘फटका गँग’ मध्य रेल्वेला नवी नाही, आणि अशा फटक्यानं तोल जाऊन माणसं गाडीखाली गेली आहेत. आत सरका, कल्याणला उतरणाऱ्यांना वाट द्या, मोबाइल खिशात टाका. डाव सोडला तिथेच थांबलेला असतो.