गुणांचीं कोडीं आणि अनुमानाची मर्यादा

परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघरीं तर्क सुरू होतात. अमक्याला तमक्यापेक्षां अधिक गुण मिळाले, तेव्हां पहिला क्रमांक त्याचाच असला पाहिजे, असें एकजण म्हणतो. दुसरा नेमकें उलट सांगतो. या बोलण्यांत माहिती किती आणि समजूत किती, हें निवडण्याची संवय गुणांच्या कोड्यांनीं लागते.

एक उदाहरण घ्यावें. गोपाळ, सीता, केशव, यमुना व विठ्ठल या पांच विद्यार्थ्यांपैकीं कोणाही दोघांचे गुण सारखे नाहींत. सीतेचे गुण केशवाहून अधिक, पण गोपाळाहून कमी आहेत. यमुनेला गोपाळाहून अधिक गुण आहेत. परंतु तिचा क्रमांक पहिला नाहीं. तर पहिला क्रमांक कोणाचा?

हें सर्व मनांतल्या मनांत जुळवूं गेल्यास घोटाळा होतो. कागदावर अधिक गुणांचें नांव वर व कमी गुणांचें खालीं, असें लिहीत जावें. गोपाळ, सीता, केशव अशी उतरंड लागते. यमुना गोपाळाच्या वर बसते. आतां यमुनेच्याही वर कोणीतरी असला पाहिजे, आणि उरला आहे तो एकटा विठ्ठल. म्हणून पहिला विठ्ठल. त्याच्या गुणांविषयीं एक अक्षरही सांगितलेलें नसतां त्याचें स्थान निश्चित झालें.

आतां ‘यमुनेचा क्रमांक पहिला नाहीं’ एवढें वाक्य पुसून टाकावें. विठ्ठल सर्वांच्या वर, सर्वांच्या खालीं किंवा मधल्या तीन जागांपैकीं कोठेंही बसूं शकेल. एकंदर ५ क्रम संभवतात. शेवटला कोण, असें विचारल्यास घाईचा मनुष्य केशवाचें नांव सांगतो. खरें उत्तर ‘सांगतां येत नाहीं’ हेंच आहे. तें अज्ञानाचें उत्तर नव्हे; सर्व क्रम मांडून पाहिल्यावरच तें देतां येतें.

दुसरा प्रकार ‘सर्व’ या शब्दाचा. एका वर्गानें गणित व संस्कृत या दोन्ही विषयांची परीक्षा दिली, आणि गणितांत उत्तीर्ण झालेले सर्व विद्यार्थी संस्कृतांतही उत्तीर्ण झाले. त्यांतील एखादा संस्कृतांत अनुत्तीर्ण असेल, तर तो गणितांतही अनुत्तीर्ण, हें निश्चित. परंतु एखादी मुलगी संस्कृतांत उत्तीर्ण झाली, एवढ्यावरून तिच्या गणिताविषयीं कांहींच ठरत नाहीं. अठराव्या शतकांत ऑयलर या गणितज्ञानें एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत असे संबंध वर्तुळांनीं दाखविले आहेत. गणिताचें लहान वर्तुळ संस्कृताच्या मोठ्या वर्तुळांत काढलें, कीं मोठ्या वर्तुळांतला प्रत्येक बिंदु लहान वर्तुळांत नसतो, हें डोळ्यांनाच दिसतें. न्यायशास्त्रांत हीच गोष्ट धूर व अग्नि यांच्या दृष्टान्तानें शिकवितात. जेथें धूर तेथें अग्नि. परंतु जेथें अग्नि तेथें धूर असेलच असें नाहीं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो.

निकालपत्रक हातीं घेतलेल्या पालकाला हा विवेक विशेष हवा. मुलाचा क्रमांक खालीं गेला, यावरून त्याचे गुण कमी झाले असें ठरत नाहीं. ते वाढलेही असतील, आणि इतरांचे त्याहून अधिक वाढले असतील. दुसराही क्रम संभवतो काय, हें पाहण्यास क्षणभर पुरतो. तो क्षण वडिलांनीं वांचविला, तर बोल मात्र मुलाला ऐकून घ्यावे लागतात.