कमवा आणि शिका : योजना आणि शब्द

इगतपुरी तालुक्यात महाविद्यालयाचे वर्ष सुरू होते, त्याच सुमारास भाताची आवणी येते. वर्गातील अनेक बाके रिकामी राहतात. ती मुले चिखलात उभी राहून रोज कमावत असतात. त्यातूनच प्रवेशशुल्क आणि एसटीच्या पासाचा खर्च निघतो. शिक्षण आणि मिळकत यांतील हा झगडा सौम्य करणे, हा ‘कमवा आणि शिका’ योजनेचा हेतू होय.

पूर्वी गरीब विद्यार्थ्यासाठी माधुकरी किंवा वार लावून जेवणे हे मार्ग होते. तेही मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व अंगमेहनत करून शिकत. दानाची जागा श्रमाने घेतली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, तेव्हा हेच तत्त्व उच्च शिक्षणात आले.

नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत, त्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. विद्यार्थी तासिकांव्यतिरिक्त ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात वा बागेत काम करतो आणि तासांप्रमाणे मानधन मिळवतो. विद्यापीठाच्या अनुदानामुळे महाविद्यालयावर सगळा भार पडत नाही. अमेरिकेतही १९६४ च्या कायद्यापासून अशा कामाच्या वेतनाचा वाटा सरकार उचलते. खरा लाभ केवळ पैशाचा नाही : काम आवारातच आणि वेळापत्रक सांभाळून असल्याने तास बुडत नाही.

तरीही आवणीचा रोज लवकर हातात पडतो, मानधन मात्र हिशेब होऊन, मंजुरी मिळून येते. ज्याला जुलैतच शुल्क भरायचे आहे, त्याला हा विलंब परवडत नाही. पहिला हप्ता आगाऊ दिल्यावाचून ही बाके भरणार नाहीत, असे माझे मत आहे.

आता शब्दाकडे वळू. संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’, मराठी ‘काम’. त्याच कुळातले ‘कमावणे’. त्याचा अर्थ पैसे मिळवणे एवढाच नाही. कातडे कमावतात, शरीर कमावतात. म्हणजे कच्च्या वस्तूवर मेहनत घेऊन ती टिकाऊ करतात.

स्वाध्याय : ‘रोज’, ‘मजुरी’, ‘पगार’ आणि ‘मानधन’ हे शब्द आपल्या गावात कोणत्या कामासाठी वापरतात, ते नोंदवा. ग्रंथालयातील मुलाला मिळते ते ‘मानधन’ आणि आवणीत मिळते ती ‘मजुरी’, असे का?